हरणीचं बाळंतपण

आमच्या घरात सकाळची पहिली चौकशी व्हायची ती घोडीच्या पोटाची. माणसांचा नंबर नंतर. अण्णा, म्हणजे माझे वडील, उठले की चूळही न भरता तबेल्यात जायचे, हरणीच्या कुशीला कान लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग दुसऱ्या बाजूला जायचे. "बोलतंय," असं त्यांनी म्हटलं की आई चहाचं आधण ठेवायची. घोडीचं पोट बोलतं हे ज्यांनी कधी घोडी पाळली नाही त्यांना पटत नाही, पण ते खरं आहे. आत कुठेतरी लांब पाणी खळखळतं, मध्येच गडगडतं, मध्येच नुसतं कुरकुरतं, आणि हे दिवसभर चालू असतं. ते चालू आहे तोवर काळजी करायचं कारण नाही. घोडीला ओकता येत नाही, एकदा आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि ते सरकायचं थांबलं तर एवढं मोठं जनावर अर्ध्या दिवसात आडवं होतं. अण्णा शाळेत गेले नव्हते, पण हे त्यांना त्यांच्या वडलांनी शिकवलं होतं आणि त्यांनी मला शिकवलं. आता या वयात मला स्वतःच्याच पोटाचं ऐकावं लागतं. झोपताना इसबगोल घेते, सकाळी वाट बघत बसते, आणि कुणी विचारणारं नाही, हे बरंच आहे म्हणायचं.

आम्ही सोलापुरात सात रस्त्याच्या मागल्या एका गल्लीत राहत होतो. दोन खोल्या आमच्या आणि तिसरी हरणीची, मध्ये फक्त पत्रा. तिनं पाय आपटला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती, त्यांचे माग उजाडल्यापासून खडखडत असायचे, आणि त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की लाईट गेली आणि माग थांबले की आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. घराला वास होता कडब्याचा, लिदीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा. आई सकाळी ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड लावायची ती दिवसभर पुरायची. कधी हुलग्याचं माडगं, कधी पिठलं, सणाला पुरणपोळी. जेवायला बसलं की आई आधी पत्र्याआड डोकावून यायची, हरणीच्या पुढ्यात काही आहे ना ते बघायची, आणि मगच आपल्या ताटाकडे वळायची. मला या सगळ्याचा तेव्हा कंटाळा यायचा. मी कॉलेजात जायला लागले होते, माझ्या वह्यांना घोडीचा वास येतो असं एका मुलीनं तोंडावर सांगितलं होतं, आणि मला वाटायचं की आपण या घरातून निघून कुठेतरी एका सिमेंटच्या, बिनवासाच्या घरात राहायला जावं. गेलेही पुढे. तिथे आता इतकी वर्षं राहून झाली, आणि खरं सांगायचं तर त्याही घराचा कंटाळाच आला आहे.

आई आणि अण्णा दोघंही मेंढपाळांच्या घरचे. आईचं माहेर मंद्रूपच्या बाजूचं. पण गाव नावापुरतं. वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागून चालण्यात जायचे. रान सापडेल तिथे तळ टाकायचा, रान संपलं की उठायचं. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. माझ्या जन्मानंतर काही वर्षांनी मेंढरांत रोगाची साथ आली आणि कळप संपला. तेव्हा अण्णा एक शिंगरू, म्हणजे घोडीचं पिल्लू, आणि आम्हा दोघींना घेऊन सोलापुरात आले आणि पुढे टांगा हाकायला लागले. ते शिंगरू म्हणजे ही हरणी. तिची आई माझ्या आईला माहेराहून आंदण मिळालेली घोडी, त्यामुळे हरणी आईच्या हिशेबानं माहेरची लेक होती. अण्णा टांग्याला जुंपत ते जनावर होतं, आणि संध्याकाळी आई जिच्या मानेवर गाल टेकून उभी राहायची ती लेक होती. चालण्याच्या दिवसांबद्दल आई काही बोलायची नाही. कुणी विचारलं तर "चालायचं आन् काय," एवढंच म्हणायची.

हरणी गाभण राहिली तेव्हा शहरात रिक्षा फार वाढल्या होत्या आणि टांग्याच्या स्टँडवर मोजकेच लोक उरले होते. दिवस भरत आले तशी अण्णांनी हरणीला टांग्याला जुंपणं थांबवलं आणि स्वतः दुसऱ्याचा टांगा हाकायला लागले. आई तेव्हापासूनच तयारीला लागली होती. एक दिवस तिनं जाहीर करून टाकलं, "हिचं बाळंतपण मी करनार. पार रीतसर."

अण्णा हसले. "घोडीचं कसलं बाळंतपण? आन् पाळना कुटं बांदनार, आड्याला?"

"हसा. माझ्या माहेरची लेक हाय ती. कुनी तरी करायला नको?"

"कर बाई. बाळंतविडा बी आन तिला. नऊवारी न्हाय पुरायची, तेवढं बग."

हरणी पहाटे, तांबडं फुटताना व्याली. अण्णा पाठीशी आणि आई पुढ्यात. मला आईनं गरम पाण्याला पाठवलं होतं, ते घेऊन येईपर्यंत शिंगरू भुईवर होतं, ओलं, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, आणि पायांचं काय करायचं हे अजिबात न कळलेलं. मादी होती. आईनं तिची दृष्ट काढली. वार व्यवस्थित पडली, ती अण्णांनी लांब नेऊन पुरली, आणि परत आले तर आईनं तबेल्याच्या दाराला गोणपाट लावून टाकलं होतं. "आता बारा दिस तुमी हिकडं यायचं न्हाय," ती म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत बाप्याचं काय काम?" अण्णांना वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती.

त्या दिवसांत आईनं त्या घोडीचे जे लाड केले ते मी पुढे माझ्या दोन बाळंतपणांत माझे स्वतःचेही झालेले पाहिले नाहीत. खिडकीला पोतं, कोपऱ्यात शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा, सगळ्या गल्लीला धुरी. गार पाणी बंद. कोमट पाणी, तेही थोडं थोडं, कारण बाळंतिणीनं घटाघटा पाणी प्यायचं नसतं. कडबा कोरडा, वातूळ, म्हणून तोही जवळजवळ बंद. त्याऐवजी बाजरी शिजवून तिच्यात गूळ, सुंठ, अळीव आणि वरून तेलाची धार, असं घमेलं भरून दोन्ही वेळा. हरणीनं जन्मात असं काही चाखलं नव्हतं, ती घमेलं चाटून पुसून लख्ख करायची आणि आईच्या पदराला तोंड लावायची. आई दमून गेलेली असायची, डोळ्यांखाली काळं आलेलं, तरी उठून दुसरं घमेलं भरायची. तबेला तिनं देवघरासारखा ठेवला होता. लीद पडली की लगेच उचलायची. शिंगरू लिदीत तोंड घालायला जायचं, तर त्याचं नाक धरून बाजूला करायची, "शी, घान!" आणि हरणीला बाहेर म्हणून काढायची नाही. अण्णांनी पत्र्याच्या अलीकडून एकदा सांगून पाहिलं, "जरा फिरवून आन गं तिला, उभ्या उभ्या आकडंल ती." आई म्हणाली, "पडू द्या तिला निवांत. जल्मभर पळतीच हाय." दिवसभर दुसऱ्याच्या घोड्यामागे बसून ते आंबून आलेले असायचे, भाकरी खाऊन भिंतीला टेकायचे. त्यांनाही तेवढीच विश्रांती, असं मला वाटलं.

पाचवीला आईनं रीतसर पूजा मांडली. पाटावर तांदूळ, सुपारी, लिंबू, माझंच पेन आणि माझीच वही, सटवाई येऊन शिंगराचं नशीब लिहील म्हणून. अण्णा पत्र्याआडून म्हणाले, "काय लिवनार गं सटवाई? ठेसन ते सात रस्ता, ठेसन ते सात रस्ता." मी हसले, आईही तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी हरणीनं घमेल्याला तोंड लावलं नाही. अण्णा पहाटेच स्टँडवर गेलेले. आईला वाटलं तोंडाला चव नसेल, तिनं वरून अजून गूळ चुरला. ऊन वर आलं तसं हरणी मागे वळून वळून आपल्या कुशीकडे बघायला लागली, कुणी हाक मारल्यासारखी. मग पुढच्या पायानं भुई उकरायला लागली. वरचा ओठ उचलून दात दाखवायला लागली. मानेवर घाम, आणि शिंगरू आचळाला लागलं तर त्याला ढकलून दिलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी कोपऱ्यात पाहिलं तर झाडू भिंतीला उभा, भुई स्वच्छ. "आये, सकाळपासनं लीद उचललीस का तू?" मी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी कुशीला कान लावला. मागांच्या खडखडाटात मला काही कळेना. आई म्हणाली, "जा. त्येना बलवून आन." मी चपला न घालता सात रस्त्याच्या स्टँडपर्यंत पळाले, तापल्या डांबरावरून, आणि तळवे भाजल्याचं घरी आल्यावर कळलं.

अण्णांनी टांगा तसाच जनावरांच्या दवाखान्याकडे घातला आणि डॉक्टरांना बसवूनच आणलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच सोलापूरला आलेले. अण्णा गोणपाट बाजूला सारून आत शिरले, त्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि डॉक्टर पिशवी उघडत होते तेवढ्यात कुशीला कान लावून उभे राहिले. "सुमे," मला म्हणाले, "माग बंद करायला सांग जरा." मी शेजारी सांगितलं. शेजाऱ्यांनी 'का' म्हणून विचारलंही नाही. एक माग थांबला, दुसरा थांबला, पलीकडच्या घरातले थांबले, आणि भर दिवसा आमची गल्ली गप्प झाली. त्या शांततेत अण्णांनी इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. मग आईकडे पाहिलं. "बोलत न्हाय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी हाताला कोपरापर्यंत तेल लावून तो आत घालून तपासलं, नाडी पाहिली, हिरड्या दाबून पाहिल्या. मग आईला विचारलं, "मावशी, खायला काय काय घालत होता?" आई सांगायला लागली. बाजरी, गूळ, सुंठ, अळीव, तेल. सुरुवातीला आवाज नेहमीसारखा होता, शेवटी शेवटी ऐकू येईना. "आणि पाणी?" "कोंबट. थोडं थोडं." "बाहेर काढली होती का?" आईनं नुसती नकारार्थी मान हलवली. मला वाटलं आता डॉक्टर ओरडणार. ते म्हणाले, "एवढं बाळंतपण तर आमच्या घरातसुद्धा झालं नाही मावशी." आणि मग हळू आवाजात समजावून सांगितलं. घोडीच्या आतड्यात जंतूंची अख्खी वस्ती असते, वैरण तीच पचवते. व्याल्यावर ती वस्ती आधीच नाजूक झालेली असते. त्यात वैरण अचानक काढून घेऊन धान्य आणि गूळ दिला, पाणी कमी केलं, एका जागी उभं ठेवलं, तर सगळं आत दगडासारखं घट्ट बसतं. "तसंच असेल तर मोकळं करता येईल. पण व्याल्यावर पोट एकदम रिकामं झालेलं असतं, त्यात कधी कधी आतडं स्वतःभोवती फिरतं. तसं झालं असेल तर माझ्याकडे उपाय नाही. आत्ता नक्की सांगता येत नाही."

त्यांनी सुई दिली, नाकातून लांब नळी घालून पॅराफिन आणि कोमट मीठपाणी पोटात सोडलं, आणि सांगितलं की लीद पडेपर्यंत अन्नाचा कण द्यायचा नाही, लोळू द्यायचं नाही, सावकाश चालवत राहायचं. सलाईनच्या बाटल्या दवाखान्यातून आणायच्या होत्या, म्हणून अण्णा त्यांना घेऊन पुन्हा गेले. जाताना अण्णा मला म्हणाले, "तू धर दोर. आयला बसव जरा." पण आईनं दोर आधीच हातात घेतला होता.

गल्लीच्या टोकाला एक पटांगण होतं, कडेला दोन कडुलिंबं, बाकी सगळं उघडं. तिथे आई पुढे, दोराला हरणी, तिच्यामागे शिंगरू आणि शेवटी मी, अशी आमची वरात फिरायला लागली. सोलापूरचं ऊन ज्यांनी खाल्लं आहे त्यांना सांगायला नको. आई अनवाणी होती. हरणी चार पावलं चालायची आणि गुडघे दुमडायला बघायची, मग आई दोर ताणायची आणि मी मागून ढकलायची. शिंगराला काही कळत नव्हतं. ते हरणीच्या पोटाखाली तोंड घालायला बघायचं आणि हरणी पुढे निघून जायची. मला रडू येत होतं. घोडी मेली तर काय, हा विचार मी करत नव्हते. मला फक्त हे थांबायला हवं होतं. "आये, सावलीला थांबू थोडं," मी म्हटलं. आई थांबली नाही. थोड्या वेळानं पुढे बघतच म्हणाली, "तुझ्या येळंला बी असंच ऊन हुतं."

"कुठल्या वेळेला?"

"तू झालीस तवा."

मी वाटेवर जन्मले एवढं मला ठाऊक होतं, पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. आई बोलायला लागली ती हरणीशी बोलावं तशी, मागे न वळता. तळ पडला होता, रान बेताचंच होतं. मी दुपारी झाले, बाभळीखाली, आजीच्या हातावर. आणि दुसऱ्या दिवशी रान संपलं. "मेंढरं काय बाळंतिणीसाठी थांबत्यात व्हय? तळ उठला. हिच्या आयवर बिऱ्हाड लादलं. भांडी, वाकळा, कोंबड्यांचं खुराडं. त्याच राती दोन मेंढ्या व्याल्या हुत्या, त्येंची कोकरं बी वर ठिवली. कोकरांचे पाय कवळे असत्यात, त्येंना चालवत न्हाईत." तिनं दोराचा पीळ हाताला गुंडाळला. "तुला पोटाशी बांदलं आन् मी चालले. मागनं."

"आणि अण्णा?"

"त्येनी घोडीचा दोर धरून म्होरं."

माझे तळवे भाजत होते, त्याची मला लाज वाटली. "तू म्हणाली नाहीस, मला बसवा म्हणून?" मी विचारलं. आई म्हणाली, "म्हनायला पायजे हुतं व्हय?" हरणीनं पुन्हा गुडघे दुमडले, आम्ही दोघींनी मिळून तिला उभी केली. आईच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं. "तवाच मनात धरलं हुतं," ती म्हणाली, "माझ्या दारात जी बाळंत हुईल, तिला मी दाराबाहीर काडनार न्हाय. निजू द्यायचं. पोटभर खाऊ घालायचं. आन् आता बग, मीच हिला उनात हाकतीया." मग ती पहिल्यांदा वळली आणि तिनं मला जे विचारलं ते मी आजवर विसरलेले नाही. "मंग त्येंचंच खरं हुतं का गं सुमे? चालवली म्हनून मी जगले, असं म्हनायचं का आता?"

तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. एवढी वर्षं तिनं एकच गोष्ट जपून ठेवली होती, की आपल्यावर अन्याय झाला. आणि आता तीसुद्धा हातातून जाते की काय अशी तिला भीती वाटली होती. हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसतं "नाही, नाही" म्हणत राहिले आणि तिचा हात धरला. तो दोरानं सोलवटला होता.

अण्णा आणि डॉक्टर परत आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. कडुलिंबाखाली हरणीला थांबवून डॉक्टरांनी मानेत सुई घातली आणि अण्णा सलाईनची बाटली डोक्यावर उंच धरून उभे राहिले. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपची नळी लावून पोट ऐकलं. "डावीकडे थोडं आहे," म्हणाले. "सोडायची नाही आशा." आई त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिला विचारायचं होतं आणि तिला लाजही वाटत होती.

"डॉक्टर, चालवल्यानं बरं वाटतं ना हिला?"

"हो मावशी."

"मंग बाईमानसाला बी तसंच आसतं का? बाळंत झाल्यावं दुसऱ्या दिशी लांब चालवली तर बरं आसतं?"

डॉक्टर हातातलं काम सोडून बघायला लागले. "नाही हो. दिवसभर रान तुडवणारं जनावर ते, त्याचं वेगळं. बाईला झोप पाहिजे, आराम पाहिजे. लांब चालवायचं काय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी न्हाय," आई म्हणाली.

अण्णा बाटली धरून उभेच होते. मला वाटलं उंच धरून हात अवघडला असेल, म्हणून मी बाटली घ्यायला गेले. त्यांनी दिली नाही.

बाटल्या संपल्यावर पुन्हा चालणं. आता आईचे पाय ओढत होते, पण दोर ती सोडेना. पटांगणाच्या पलीकडच्या कडेला हरणी एकाएकी थांबली, शेपूट उचललं आणि दोन-तीन गोळे टाकले, लहान, काळे, तेलानं चकाकणारे. मग थोडं थांबून आणखी. आई तिथेच मटकन खाली बसली. मी आयुष्यात नंतर मुलांचे निकाल पाहिले, नातवाचं तोंड पाहिलं, पण त्या लिदीइतका आनंद मला फार थोड्या गोष्टींनी झाला आहे, आणि हे लिहिताना मला त्याची जराही लाज वाटत नाही. शिंगरू तुरुतुरु आलं आणि त्यानं सरळ त्यात तोंड घातलं. आई सवयीनं त्याचं नाक धरायला गेली, तर डॉक्टर म्हणाले, "खाऊ द्या मावशी. या वयाची शिंगरं खातातच. आईच्या पोटातली ती वस्ती अशीच त्यांच्या पोटात जाते. नाहीतर हे उद्या वैरण कशी पचवणार?" आईला ते ठाऊक होतं. वाटेवर शिंगरं हेच करायची, कुणी अडवत नसे. शहरात आल्यावर तिला ते घाण वाटायला लागलं होतं. हल्ली माझ्या सुनेच्या फ्रीजमध्ये पोटातल्या जंतूंसाठी म्हणून महागड्या पुड्या असतात. त्या बघितल्या की मला ते शिंगरू आठवतं, पण जेवताना कुणाला सांगायची सोय नाही.

डॉक्टरांनी पुन्हा ऐकलं आणि नळी आमच्या अण्णांच्या कानात घातली. अण्णांनी ती काढली, कुशीला आपला कान लावला आणि मान डोलावली. हरणी वाचली होती. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, पण ते नंतरचं. डॉक्टरांनी रात्री फक्त पाणी, उद्या मूठभर हिरवा घास, मग हळूहळू कडबा, आणि अजून थोडं फिरवा, असं सांगितलं आणि स्टँडवरच्या एका टांगेवाल्याबरोबर निघून गेले. गल्लीत माग पुन्हा सुरू झाले.

आई उठली आणि दोर धरून चालायला लागली. अण्णा तिच्या बरोबरीनं गेले. ते कधी तिच्या शेजारून चालत नसत. नेहमी चार पावलं पुढे. "दे हिकडं," ते म्हणाले आणि हात पुढे केला. आईनं दोर दिला नाही. पटांगणाचा एक फेरा दोघं तसेच चालले, अण्णांचा हात पुढेच. मी शिंगराला धरून मागे होते, म्हणून मला ऐकू आलं.

"तवा घोडीवर जागा हुती," अण्णा म्हणाले.

आई चालत राहिली. मग तिनं दोर त्यांच्या हातात दिला.

"मी मागनं चालत हुते," ती म्हणाली. "मला दिसत हुती की."